पार्सलच्या खिडकीवरची टीप

पार्सलवाल्यांना टीप द्यावी की नाही, यावर लोक माझ्या खिडकीसमोर उभे राहून वाद घालतात. मी रस्सा भरत असते, भाकऱ्या कागदात गुंडाळत असते आणि ते माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत असतात. "आत वेटरला ठीक आहे हो, पण इथे कशाला?" ऐकून ऐकून माझे कान किटले. ज्याला द्यायची त्याने द्यावी, नसेल द्यायची त्याने सरळ घरी जावं, माझं काही म्हणणं नाही. पण एका माणसाने याच्या पुढे जाऊन एक शब्द उच्चारला होता. तो शब्द मी त्याला परत घ्यायला लावला. हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

आमचं हॉटेल रत्नागिरीतलं, मासळीच्या थाळीसाठी लोक येतात ते. आत बसून जेवायचा हॉल आणि रस्त्याच्या बाजूला पार्सलची खिडकी. खिडकीत मी आणि माझ्याहून मोठी एक वहिनी. वहिनी म्हणजे आमच्या शेजारची, तिनेच मला इथे लावलं. आत गिऱ्हाईक जेवून उठलं की बडीशेपेच्या बशीत वेटरसाठी काहीतरी ठेवून जातं. मोबाइलवरून मागवणारे डिलिव्हरीच्या पोराला वर काहीतरी देतात, ते त्याच्या खात्यात जातं. आम्ही दोघी मधल्यामध्ये. अख्खा दिवस उभ्या. सोलकढीची बाटली सांडणार नाही अशी लावा, लहान मुलासाठी बिनतिखटाचा तुकडा वेगळा ठेवा, म्हाताऱ्याच्या माशाला काटा कमी असेल ते बघा, हे सगळं आमच्याकडे.

डबा ही वहिनीची कल्पना. श्रीखंडाचा रिकामा डबा तिने घासूनपुसून आणला, झाकणाला चीर पाडली आणि खिडकीच्या कोपऱ्यात ठेवला. त्यावर काही लिहिलं नाही, कुणापुढे सरकवला नाही. कुणी उरलेली चिल्लर टाके, कुणी एखादी नोट. त्यातून आम्ही दोघी संध्याकाळी रिक्षाने घरी जायचो. घर चढावर, आणि वहिनीचे गुडघे पार गेलेले. बसचा तर काही भरवसाच नाही. त्या डब्याचा उपयोग एवढाच होता, पण आम्हाला तो फार होता.

आता तो माणूस. कुठल्याशा ऑफिसातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, दर रविवारी यायचा. त्याला सगळे साहेब म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. निघायच्या आधी फोन करायचा, "सुरमईचे मधले तुकडे बाजूला ठेवा." मी ठेवायचे. रस्सा वाटीभर जास्त मागायचा, त्याचं बिल नसायचं, तरी मी द्यायचे. पाऊस असला की मी छत्री घेऊन पिशव्या त्याच्या गाडीपर्यंत नेऊन दिल्या आहेत. इतक्या वर्षांत त्याच्या हातून डब्यात एक नाणं पडलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं.

एका रविवारी रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. पुढच्या बाईने पार्सल घेतलं आणि डब्यात नोट टाकली. मागे हा उभा. तो तिला म्हणाला, आणि मोठ्याने म्हणाला, "ताई, कशाला सवय लावता या लोकांना? टेबलावर वाढलं तर टीप समजू शकतो. खिडकीत उभं राहून पिशवी हातात द्यायची आणि वर पैसे घ्यायचे, ही भीक झाली."

ती बाई बिचारी ओशाळली आणि निघून गेली. माझी कानशिलं तापली. मी त्याच्याकडे बघत राहिले, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. पार्सल घेऊन तो थेट आत मालकांकडे गेला आणि काय बोलला देव जाणे. त्याच्या सोसायटीच्या कार्यक्रमांच्या ऑर्डरी आमच्याकडेच यायच्या, त्यामुळे मालक त्याच्यापुढे नेहमीच वाकायचे. ते बाहेर आले आणि रांगेतल्या सगळ्यांच्या देखत डबा उचलून घेऊन गेले. वहिनी पदराने ओटा पुसत राहिली, पुसलेलाच परत पुसत राहिली.

त्या संध्याकाळी आम्ही चढ चालत चढलो. वहिनी तीनदा बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "शिरा पडो त्याच्या तोंडावर!" एरवी हिच्या तोंडून वाकडा शब्द निघत नाही. मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहून ठरवलं, की ज्या रांगेत तो बोलला त्याच रांगेत मी त्याच्याकडून माफी वदवून घेणार. वर्ष लागो नाहीतर दोन वर्षं.

तोवर मी हात बांधून बसले नाही. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. मी म्हटलं, "तुकडे बाजूला ठेवायची पद्धत नाही साहेब, येतील तसे मिळतील." आल्यावर त्याला शेपटीकडचे निघाले. आता निघाले की काढले, ते मला विचारू नका. रस्सा जास्त मागितला तर मी हसून दर सांगितला. पावसात तो पिशव्या डोक्यावर धरून गाडीकडे पळाला, तेव्हा मी खिडकीतून निवांत बघत होते. मात्र त्याच्या जेवणात मी काही कमी केलं नाही, की घाण केलं नाही. अन्नाशी माझं वैर नाही. बिलावर होतं ते सगळं त्याला मिळालं, बिलावर नव्हतं ते सगळं बंद झालं. तो चिडायचा, पण मालकांकडे काय तक्रार करणार? फुकटचं मिळत नाही म्हणून?

पण एवढ्याने माझं पोट भरत नव्हतं. भर रांगेत बोललेलं माझ्या डोक्यातून जाईना. भाकरी थापताना आठवायचं, नळावर आठवायचं. नवरा म्हणायचा, "सोड गो आता." मी म्हणायचे, तुला म्हटलं असतं म्हणजे कळलं असतं.

मग एक दिवस तो पेढ्यांचा बॉक्स मालकांना द्यायला आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. माझ्या खिडकीशेजारी उभा राहून तो ओळखीच्या कुणाला तरी सांगत होता, "जावई मर्चंट नेव्हीत आहेत. हर्णेचे. मोठी कंपनी आहे, सगळं जग फिरतात." त्याने मुलाचं घराणं सांगितलं आणि वहिनीने हातातला पळा खाली ठेवला. वहिनीचं माहेर हर्णेचं.

तो गेल्यावर ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अगो, तो आमच्या वाडीतला पोरगा! कसली मर्चंट नेव्ही? पर्यटकांच्या मोठ्या बोटीवर असतो, कॉफीच्या काउंटरला."

"काउंटरला?"

"काउंटरला गो! उभ्याने कॉफी देतो. पगार बेताचाच असतो म्हणे, पण टीप चांगली सुटते. आई त्याची बंदरावर मासळीच्या लिलावात असायची. त्या टीपवर घराला माडी चढवली पोराने. गुणी आहे हो."

माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने. मी तिला परत परत विचारलं, साहेबाला हे माहीत असेल का? ती म्हणाली, माहीत नसेल कसं, घर बघायला गेला होता, सगळं विचारून आला, फक्त इथे सांगताना नेव्ही झाली. मग माझा चेहरा बघून ती गंभीर झाली. "हे बघ, पोरीचं लग्न आहे. मोडायचं नाही हां."

"लग्न कशाला मोडू? मला त्याची मान मोडायची आहे."

"मेले, काय बोलतेस!" असं म्हणाली खरी, पण माहेरची खबर मला तीच आणून द्यायला लागली. पोरगा रजेवर कधी उतरणार, कपड्यांची खरेदी कुठे, कुठल्या दिवशी. बस्ता रत्नागिरीतच बांधायचा ठरला तेव्हा मला कळलं, की जेवण आमच्याकडूनच जाणार. हा माणूस पाहुण्यांना आपली ओळख दाखवल्याशिवाय राहणार नाही, हे मी पैजेवर सांगितलं असतं.

आणि आला. मुलगी आणि तिची आई कपड्यांच्या दुकानातच थांबल्या होत्या. हा होणाऱ्या जावयाला आणि विहिणीला घेऊन पार्सल न्यायला आला. दुपारची वेळ, रांग भरलेली. विहीणबाई ठसठशीत, लिलावात बोली लावून आवाज कमावलेली बाई. मुलगा शांत, आईची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतलेला. माहेरच्या वाडीतल्यांनी ओळखू नये म्हणून वहिनीने पदर पुढे ओढला आणि ती रश्श्याच्या पातेल्याकडे वळली.

"काय मंडळी!" साहेब खिडकीत हात टेकवून म्हणाला. "आमचं नेहमीचं. मधले तुकडे द्या, रस्सा जरा सढळ हाताने. पाहुणे आहेत." मग विहिणीकडे वळून, "इथे आपलं घरच्यासारखंच आहे."

"तुकडे येतील तसे मिळतील साहेब," मी म्हटलं. "रस्सा थाळीमागे एक वाटी. जास्त हवा तर बिल होईल."

तो लाल झाला आणि उगीचच हसला. मी पार्सल मात्र असं बांधलं, की तसं वर्षभरात कुणाला बांधलं नव्हतं. ते खाणार होता तो मुलगा आणि त्याची आई, त्यांनी माझं काय बिघडवलं होतं? मुलाने पिशव्या घेतल्या, आईकडे दिल्या आणि खिशात हात घातला. ओट्यावर इकडेतिकडे बघितलं. ठेवायला काही दिसलं नाही, तेव्हा घडी केलेली नोट त्याने सरळ माझ्यापुढे धरली. "मावशी, तुम्हा दोघींना."

वहिनीने माझ्याकडे बघितलं.

"नको रे बाबा," मी म्हटलं, मागच्यांना ऐकू जाईल असं. "इथे टीप घ्यायची बंदी आहे."

"का?"

"डबा होता आमचा. ह्या साहेबांनी मालकांना सांगून काढायला लावला. खिडकीत उभं राहून काम करणाऱ्याने टीप घेतली तर ती भीक असते, असं म्हणाले. भर रांगेत म्हणाले. काय हो साहेब, म्हणालात ना?"

मुलाचा हात तसाच पुढे राहिला. त्याने साहेबाकडे बघितलं. रागाने नाही, आपण ऐकलं ते खरं का, असं बघितलं. "काका," तो म्हणाला, "मी पण काउंटरलाच असतो."

"अहो, ते तिकडचं वेगळं!" साहेब घाईघाईने म्हणाला. "बोटीवरची गोष्टच वेगळी, तिथे पद्धत आहे तशी. इथे म्हणजे…"

"काय वेगळं?" विहीणबाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली. "तिथे पण माझा पोरगा उभाच असतो. कॉफी देतो, लोक जाताना हातावर ठेवतात. त्यावर आमचं घर उभं राहिलं. तुम्ही त्याच माडीवर बसून चहा प्यायलात. ते घर भिकेचं काय?"

साहेबाच्या कपाळावर घाम आला. मी बघत होते, अगदी डोळे भरून बघत होते. शेवटी त्याने विहिणीपुढे हात जोडले. "नाही, नाही, विहीणबाई. चुकलं माझं. तसं म्हणायचं नव्हतं मला."

विहीणबाई जराशा निवळल्या. रांगेतले लोक हलले. वहिनीने ओट्याखालून मला चिमटा काढला, बस झालं म्हणून. माझं झालं नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "त्यांना तुम्ही काही बोलला नव्हतात. आम्हाला बोलला होतात."

त्याने गल्ल्यावर बसलेल्या मालकांकडे बघितलं. मालकांनी मान खाली घातली. त्याने जावयाकडे बघितलं, तर जावई वाट बघत उभा. विहीणबाई म्हणाल्या, "बरोबर बोलते ती."

मग तो खिडकीकडे वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. ओठ हलले. "चुकलं माझं," एवढं पुटपुटला.

"मागे ऐकू गेलं नाही," मी म्हटलं. "तेव्हा सगळ्या रांगेला ऐकू गेलं होतं."

त्याने परत म्हटलं. या वेळी मोठ्याने, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असं. मग मी त्या मुलाच्या हातातली नोट घेतली, वहिनीच्या हातात दिली आणि रांगेतल्या पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.