सोयावडीचा नवस

संगमनेरच्या स्टँडवर मला एसटीत बसवताना बायकोने बजावलं, "मित्राच्या घरचं अन्न आहे. प्रत्येक घास उजेडात धरून बघू नका." तिचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी मांसमच्छी शिवलेलं नाही, आणि ती परंपरा माझ्याच हातून मोडणार अशी मला लहानपणापासून धास्ती. त्यामुळे बाहेरचं काही खायचं म्हटलं की मी आधी हुंगतो, मग उलटून बघतो, मग वाढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. चेहऱ्यावरून बरंच कळतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकला गाडी बदलली, कसारा घाट उतरलो आणि दुपारी शहापूरला हायवेवर पाय ठेवला. बाळाराम घ्यायला आला होता. आम्ही कॉलेजात एका खोलीत राहिलो होतो. आता तो शहापूरला शाळामास्तर होता, पण घर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पुढे डोंगराच्या कडेला. "नवस फेडायचाय, नक्की ये," एवढंच त्याने कळवलं होतं. नवसाला बकरा कापतात हे मला ठाऊक होतं. मग माझ्यासारख्याला आग्रहाने का बोलावलं, हा संशय मी सोबत घेऊनच निघालो होतो.

जवळच एक नवं चकचकीत हॉटेल उघडलं होतं. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर माणसाच्या डोक्याएवढ्या बर्गरचं चित्र. मुंबईहून गाड्या घेऊन येणारी मंडळी तिथे रांग लावून उभी होती. बाळारामने दोन व्हेज चीज बर्गर मागवले. मी वरचा पाव उचलून बघितला. आत तपकिरी रंगाची एक गोल टिक्की होती.

"ही कशाची?" मी वेटरला विचारलं.

"व्हेज आहे, साहेब."

"पण व्हेज म्हणजे काय?"

"म्हणजे नॉनव्हेज नाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

टिक्की फोडली. बटाटा आणि वाटाणा निघाला, तेव्हा कुठे खाल्लं. आणि खरं सांगतो, काय चव होती! चीज बोटांवरून ओघळत होतं, लोणी मनगटापर्यंत आलं होतं, पोटाला हे सोसणार नाही हे कळत होतं आणि हात थांबत नव्हता. मी दुसराही मागवला. संशयी माणूस हावरा नसतो असं कुणी सांगितलंय?

"आता का बोलावलं ते सांग," मी म्हटलं.

बाळारामने सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईला, पारूआईला, भात कापताना घोणस चावली. कल्याणच्या दवाखान्यात ती मरणाच्या दारात होती. तेव्हा थोरला भाऊ काशीनाथ दवाखान्याच्या पायरीवर बसून गावदेवाला नवस बोलला: आई घरी चालत आली तर बकरा देईन. आई चालत आली. पण तिने आपल्या जगण्याचं श्रेय विठोबाला दिलं आणि गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली की वशाट (मांसमच्छी) बंद.

"मग बकरा गावाला खाऊ घाला," मी म्हटलं.

"गाव खाईलच. पण आमच्याकडे ज्याच्या जिवासाठी नवस बोललाय, त्याने प्रसादाचा पहिला घास खायचा असतो. त्याशिवाय नवस फिटत नाही. दोन वर्षं घर याच्यावर अडलंय. काशीदादा म्हणतो नवस राहिला तर देव आईला परत नेईल. आई म्हणते माळ तुटली तर जगून काय करू."

तोड बाळारामने काढली होती. बकऱ्याच्या मसाल्यात सोयाच्या वड्या शिजवायच्या, देवापुढे ठेवायच्या आणि तोच आईचा पहिला घास. गावचा भगत (देवाचं करणारा) बराच वेळ डोकं खाजवून 'चालंल' म्हणाला होता. पण आईला पोरांचा भरवसा नव्हता. तिची अट होती: जन्मात वशाट न शिवलेल्या बाहेरच्या माणसाने तिच्याआधी ते खाऊन दाखवायचं.

"आणि तुझ्याइतका संशयी माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही," बाळाराम म्हणाला. हे कौतुक होतं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शहापूरहून किन्हवलीमार्गे जीपने मुरबाड गाठलं. नऊ माणसांच्या जीपमध्ये पंधरा जण आणि एक कोंबड्यांची डालगी. कोंबड्या माझ्या पायाशी होत्या, मी पाय वर घेऊन बसलो. मुरबाडला स्टँडसमोर 'शुद्ध शाकाहारी चायनीज' अशी पाटी असलेली हातगाडी होती आणि तिला खेटूनच चिकन नूडल्सची गाडी. दोन्ही गाड्यांचा मालक एक, कढईही एक. शुद्धता फक्त पाटीवर रंगवलेली. तिथे मी पाणीसुद्धा प्यायलो नाही.

किराणा दुकानात पोत्यातून वड्या काढल्या. वाळलेल्या, फिकट, हलक्या, मुठीत घेतल्या तर खुळखुळ वाजणाऱ्या. दुकानदार हसून म्हणाला, "न्या न्या, गरिबाचं मटन हाय. शिजलं की वळखू येत नाय." ओळखू येत नाही, हाच तर माझा मुद्दा होता. बर्गर निदान स्वतःच्या नावाने पोट बिघडवतो. ही वडी दुसऱ्याचं सोंग घेऊन ताटात येणार, आणि सोंग घेणाऱ्याबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा पारूआई ओटीवर तांदूळ निवडत होती. लहानखुरी, ताठ पाठीची. मला आपादमस्तक बघून म्हणाली, "ह्योच काय रे तुजा वास घेणारा? या बाबा. तुमच्याच भरवशावर बसलेय." काशीनाथ दारात उभा होता. धिप्पाड गडी, पण 'रामराम' म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावदेवापाशी दोन चुली पेटल्या. पलीकडच्या चुलीवर बकऱ्याचा मोठा टोप होता आणि तिथे सगळं गाव होतं. अलीकडच्या चुलीवर नव्याकोऱ्या पातेल्यात सोया होता आणि तिथे मी एकटाच पहाऱ्याला. काशीनाथच्या बायकोने वड्या गरम पाण्यात भिजवल्या, हाताने घट्ट पिळल्या, आणि हात सोडला की त्या परत फुगत. खोबरं-कांद्याचं वाटण पडलं, रस्सा लाल झाला, आणि दुकानदाराचं बोलणं खरं ठरलं. दोन्ही चुलींवर एकच रंग, एकच वास.

नारळ फुटला. पारूआई पानावर बसली. मला वाटी मिळाली आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघू लागलं. मी घास घेतला. चामट, मऊ, मसालेदार. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण केवढ्या मूर्खपणाला होकार दिलाय. मटणाची चव कशी असते हे मला कुठे माहीत होतं? जन्मात न खाल्लेली वस्तू ही नव्हेच, असं मी कशाच्या जोरावर सांगणार? पण पातेलं मी शिजताना क्षणभरही सोडलं नव्हतं. म्हणून मान हलवली. "सोयाच आहे, आई. बिनघोर खा."

"मी वाढतो आयेला," काशीनाथ पुढे झाला.

वाढायला काहीच हरकत नव्हती. पण त्याने वाढायचा डाव उजव्या हातात धरला होता आणि डावा हात त्याच्याखाली असा लावला होता, जसा काही एवढासा रस्सा एका हाताने पेलत नव्हता. रस्सा पानावर पडला. वड्या पडल्या. पारूआईने बोटं पुढे केली.

"थांबा," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी वाकून तिच्या पानातली एक वडी दाबली. रस्सा सुटला, वडी परत फुगली. दुसरी दाबली, तीही फुगली. तिसरा तुकडा दाबला. तो फुगला नाही. त्याला धागे होते.

बाळाराम पांढराफटक पडला. काशीनाथने डाव खाली ठेवला आणि तो आईपुढे मातीत बसला.

"एकच तुकडा व्हता," तो म्हणाला. "पातेल्यात नाय टाकला, शपथ. हातात व्हता. देवाला बकरा बोललो मी, आन तुज्या तोंडात भुसा घालू? उद्या तुला काय झालं मंग? मंग मी कुणाकडं जाऊ गो आये?"

एवढा मोठा माणूस सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडत होता. पारूआई रागावेल, पान भिरकावेल असं मला वाटलं होतं. तिने तो तुकडा दोन बोटांनी उचलला.

"नवस कोन बोल्ला?"

"मी."

"मंग तू खा. आ कर."

तिने तो घास त्याच्या तोंडात घातला. भगताकडे बघून म्हणाली, "चालंल का नाय?" भगताने या वेळी डोकं खाजवलं नाही. "पोचला," म्हणाला. पारूआईने हात धुतले, दुसरं पान घेतलं, सोया वाढून घेतला आणि एक वडी चावून चावून खाल्ली. मग पलीकडचा मोठा टोप उघडला आणि गाव जेवायला बसलं.

मी दिवसभर फुगलेल्या वडीसारखाच हिंडत होतो. माळ वाचवली! दोघातिघांनी पाठ थोपटली, तीही मी थोपटू दिली. आयुष्यभराच्या संशयाचं एकदाचं सोनं झालं असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी निघताना पारूआई वाटेपर्यंत सोडायला आली. बाळाराम पुढे जीप थांबवायला गेला होता. मी जरा ऐटीतच म्हटलं, "आई, थोडक्यात वाचलात."

ती हसली. "मला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"काशीचा डावा हात. ल्हानपनी गूळ चोरला की अशीच मूठ झाकायचा."

मी जागीच थांबलो. "मग घास घ्यायला हात कसा पुढे केलात?"

"म्हटलं, काशीच धरंल माजा हात. आयेची माळ तोडायची म्हंजे काय सोपं हाय? धरला असता त्यानं."

"आणि नसता धरला तर?"

"तर खाल्ला असता," ती सहज म्हणाली. "रातीचा उठून माज्या नाकाशी बोटं धरतो तो. श्वास चाललाय का बघतो. दोन वरसं झाली, पोऱ्याला झोप नाय. माळ काय, इठोबाच्या पाया पडून दुसरी घातली असती."

"आता तरी झोपेल की. नवस फिटला."

"भगत म्हनाला फिटला. पन काल रातीबी बोटं व्हतीच."

जीप आली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "तुमचं काय चुकलं नाय बाबा," म्हणाली आणि उन्हातून माघारी वळली.

मुरबाडहून माळशेज घाटाने परतलो. वळणांवर गाडी हेलकावे खात होती आणि मी मनात तेच तेच घोळवत होतो. कोण काय लपवतंय हे मला बरोबर कळलं होतं. का लपवतंय, याचा संशय मात्र एकदाही आला नव्हता. ताटातलं मी दाबून बघितलं आणि काशीनाथच्या चेहऱ्यावरची भीती लबाडी म्हणून वाचली. याची मला लाज वाटली, अजूनही वाटते.

घरी बायकोने विचारलं, "काय, फिटला का नवस?" मी म्हटलं, "फिटला." माझा नवसासायासांवर काडीचा विश्वास नाही, हे ती जाणते. तरी दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडल्या उघडल्या मी बाळारामला कार्ड टाकलं. आई कशा आहेत, ते लगेच कळव.