डोक्यावरचा दर्या

"फिरून आल्याबिगर कुणी खरं न्हाय," असं मेहरुन्निसाचाची सारखं म्हणायच्या. शिवाजी पेठेत फुटबॉल संघांच्या जर्स्या शिवण्यात त्यांची उमर गेली. समुद्र काही त्यांनी पाहिला नव्हता. पण समुद्राच्या जुन्या नकाशांची टपाल तिकिटं त्यांच्याकडं डबाभर होती, आखातातल्या भाच्यांनी पाकिटांवरून सोडवून दिलेली. कातड्यावर किनारे रेखणारा तुर्कांचा पिरी रईस, पृथ्वीचा गोल कागदावर सपाट मांडणारा दाढीवाला मर्केटर, आणि सगळ्यांच्या अंगावर टपालाचा काळा शिक्का. कोरं तिकीट चाची घेतच नसत.

यंदा शहरातल्या तिकीट-प्रदर्शनात त्यांना पहिल्यांदा जागा मिळाली. तिकिटं प्लायवूडच्या फळ्यावर मांडायचं काम उदयसिंहानं मागून घेतलं. तो पेठेत सामन्यांची पोस्टरं लावणारा, केस पिकलेला गडी. हयातभर केलं तेच त्यानं इथंही मन लावून केलं. मैद्याची खळ शिजवली आणि एकेक तिकीट फळ्यावर पक्कं बसवलं. वाऱ्यानं हलायला नको.

तिकिटं अशी चिकटवत नसतात, खळीनं पाठ खराब झाली की त्यांची किंमत जाते, हे त्याला हॉलमध्ये कळलं. प्रदर्शनाचे प्रमुख धैर्यशीलराव, त्यांनी फळ्यावर नख घासून बघितलं, आणि माल वाया गेला, टेबल रिकामं करा, म्हणाले. वर हसून बोलले की पेठेला नकाशा काय नि पोस्टर काय, सारखंच. उदयसिंहाची मान खाली गेली.

"पावणं," चाची म्हणाल्या, "ह्या नकाशेवाल्यांना पुढचा किनारा तरी कुठं दिसला हुता? चुकत चुकत काढला, पन नकाशा दर्यात नेला. कपाटात न्हाय ठेवला."

"चाची, नियम आहे."

"असू दे की. तुमचा नियम तुमच्या टेबलावर. माझी तिकटं तालमीच्या कट्ट्यावर लावतो. बघतील माणसं."

उदयसिंह फळा उचलायला पुढं झाला. चाचींनी त्याचा हात बाजूला सारला.

"तू आधी मान वर कर. झकास चिकटवलंयस. आता कुणाच्या बापाला निघायचं न्हाय."

त्यांनी पदराची चुंबळ केली, फळा डोक्यावर आडवा घेतला आणि हॉलच्या पायऱ्या उतरल्या. धैर्यशीलराव दुसऱ्या टेबलाकडं वळले होते. दारात एकटा उदयसिंह उभा होता. गर्दीच्या डोक्यांवरून फळा डुलत डुलत पेठेकडं चालला, सगळे नकाशे आभाळाकडं तोंड करून, आणि तो दिसेनासा होईतो उदयसिंहानं मान खाली घातली नाही.