म्हैस पास झाली
देवरीच्या बसस्टँडसमोरचा फ्लेक्सवाला एआयनं चित्रं काढायचा. त्याच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर नुसत्या चौकटी आणि त्या जोडणाऱ्या तारांचं जाळं. त्यात नवं ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायची जादा सोय, टाकली की आधी म्हशीचं चित्र काढून तिचे पाय मोजायचा. चार भरले तर ॲड-ऑन ठेवायचा, पाच भरले तर उडवायचा.

बाबांच्या निवृत्तीचा फ्लेक्स संध्याकाळी लावायचा होता. त्यानं त्याच दिवशी टाकलेल्या नव्या ॲड-ऑनवर म्हैस पास झाली, पण हात जोडलेल्या बाबांना बारा बोटं आली. मी भडकलो.

"काऊन ओरडून राहिले भाऊ? म्हशीले बोटं असतेत का?" म्हणत त्यानं ते ॲड-ऑन काढलं आणि फ्लेक्स वेळेत दिला.

परवा पुन्हा गेलो. स्क्रीनवर म्हशीशेजारी हात जोडून बाबा उभे होते. पाय मोजून झाले होते. आता तो बोटं मोजत होता.