आपांचा चेहरा

आपांचा चेहरा मी पाहिला तो ओळख होऊन महिना उलटल्यावर. तोवर माझ्यासाठी आपा म्हणजे लिफ्टमधले दोन डोळे आणि निपाणीची खणखणीत मराठी. "चौथा दाब की गं," असं काळ्या नकाबाआडून ऐकलं तेव्हा मी दचकलेच. सांगलीहून या कानडी शहरात, यशवंतपूरच्या त्या इमारतीत येऊन मला चार महिने झाले होते. नवरा सकाळी आठला इंदिरानगरच्या ऑफिसात जायचा आणि दिवसभर माझ्याशी मराठी बोलायला फोनशिवाय कुणी नसायचं.

घरी आल्या की आपांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोण पुरुषमाणूस नाही न्हवं?" मग दाराला कडी लावायच्या आणि नकाब काढायच्या. गोल गव्हाळ चेहरा, हनुवटीवर कांजिण्यांचा वण, आणि हसल्या की वरचा एक दात सगळ्यांच्या आधी पुढे यायचा. इतका बोलका चेहरा ही बाई झाकून ठेवते, याचा मला रागच यायचा.

"तोंड झाकायलाच हवं, असं आहे का हो तुमच्यात?" एकदा मी विचारलंच. माझी जीभ कुठली गप्प बसायला!

आपा माझ्याबरोबर अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. "कोण म्हणतं झाका, कोण म्हणतं तोंड नि हात उघडे चालतात. आमचे अब्बा दुसऱ्यातले. बहीण माझी उघड्या तोंडानं शाळेत शिकवायला जाते. हजला तर बायकांनी नकाब बांधायचाच नसतो."

"मग तुम्ही कशाला बांधता?"

"मला बांधावंसं वाटतं म्हणून. दर वेळी कुणी मारूनमुटकूनच लावलेलं असतंय होय?"

मला ते पटलं नाही. मनातल्या मनात मी निकाल लावून मोकळी झाले की सक्ती नाही, म्हणजे एखाद्या वेळी फार काही बिघडत नाही.

त्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. नवऱ्याला बाहेर पिटाळलं. आपा आल्या, "कुंकू नको, तिळगूळ दे," म्हणाल्या आणि नकाब काढून बायकांत बसल्या. समोरच्या अक्कांनी आणलेलं एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तिळगूळ, चघळत त्यांनी सगळ्यांना इतकं हसवलं की मी फोटो काढला. फोटो सुरेख आला. या शहरात मला मैत्रीण मिळालीय, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं. मी तो इमारतीच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर साठ घरांतले पुरुषही आहेत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

अर्ध्या तासात आपांचा फोन आला. मी फोटो काढून टाकला, पण तोवर त्याच्याखाली बदाम नि अंगठे येऊन गेले होते. वर मी म्हणाले, "आपा, सक्ती नाही असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

त्या म्हणाल्या, "सक्ती असती तर ते मौलवींचं झालं असतं. हे माझं होतं गं."

त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतरही यायच्या, पण कडी लावली तरी नकाब तसाच असायचा. चहाचा कप कापडाखालून ओठांना लावायच्या. मी किती वेळा माफी मागितली, तर "जाऊ दे की" एवढंच म्हणायच्या. माफ त्यांनी केलं असावं. विश्वास मात्र मी घालवला होता, आणि तो मागून मिळत नाही.

पुढे आपांच्या मुलाला शहराबाहेर आनेकलच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते सगळे तिकडे गेले. निघताना आपांनी मला घट्ट जवळ घेतलं. 'एकदाच चेहरा दाखवा' हे शब्द ओठांवर आले होते, ते मी गिळले.

आता दुपारी घर खायला उठतं. आपांचे डोळे आठवतात, पण हसताना त्या कशा दिसायच्या ते दिवसेंदिवस पुसट होत चाललंय. माझ्या फोनमधला फोटो मी त्या संक्रांतीच्याच दिवशी पुसला. इमारतीत कुणाच्या तरी फोनमध्ये तो अजून असेल. मी कुणाकडे मागितलेला नाही.