कॅमेऱ्याकडे बघणारी माणसं

सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, आमच्या घरी रात्री जेवताना खोटे माहितीपट बघितले जातात आणि त्या वेळी दाराची बेल वाजवणाऱ्याला क्षमा नाही.

खोटे माहितीपट म्हणजे त्या विनोदी मालिका, ज्यांत एखाद्या कचेरीचं खरोखरच चित्रीकरण चालू असल्याचं सोंग सगळे वठवतात. साहेब बढाया मारतो आणि कोपऱ्यातला कारकून काही न बोलता कॅमेऱ्याकडे बघतो. त्या एका नजरेसाठी मी ताटावर हात वाळवत बसते. 'बघितलंत ना? आता मी काय बोलू?' असं ती नजर म्हणते. ती रागावत नाही, आपल्याला फक्त साक्षीला बोलावते.

आमच्या घरात कॅमेरा नव्हता, म्हणून आई माझ्याकडे तसं बघायची. माझ्या वडिलांची, अप्पांची, बढाई सुरू झाली की हमखास. अप्पांना ते कळायचं आणि आणखीच चेव यायचा. आई गेली आणि अप्पांच्या बढायाच थांबल्या. समोर येईल ते गप्प जेवायचे.

काल मात्र त्यांनी स्वतः उपमा केला आणि तो चांगलाच करपला. बशी पुढे सरकवत म्हणाले, "मुद्दाम लागू दिलाय. खमंगपणा येतो."

मी तिथे कॅमेरा असल्यासारखं गंभीरपणे फ्रिजकडे बघितलं.

अप्पांचा चमचा हवेतच थांबला.

"अगं, तिची ही नजर तुझ्याकडे आहे होय? आणि मी घरभर शोधतोय!"