एका म्हशीचा गोबरगॅस

रॉकेल मिळेनासं झालं होतं, त्या वर्षांतली गोष्ट. मी उचगावात राहून कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला आपल्याला शास्त्र येतं असं वाटायला लागतं, तसं मला वाटायला लागलं होतं.

शेतीच्या एका मासिकात गोबरगॅसची आकृती आली होती. खाली खड्डा, त्यात शेणकाला, वर पालथी टाकी. शेण कुजून गॅस झाला की टाकी वर उचलली जाते आणि नळीतनं गॅस चुलीपर्यंत येतो. आकृतीखाली 'किमान चार-पाच जनावरे आवश्यक' असं बारीक अक्षरात छापलं होतं. आमच्या घरामागच्या परड्यात एक म्हैस आणि तिचं रेडकू होतं. छापणारे सावधगिरीनं जास्तच आकडा सांगतात, असा मी निष्कर्ष काढला.

बायकोला आकृती दाखवली. ती जळणासाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, लावत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "मग शेणी कशाच्या लावायच्या?"

"लावायच्याच नाहीत. चूलच बंद होणार."

"आणि गॅस न्हाई आला तर?"

"येणार. ते शास्त्र आहे."

शास्त्राचं नाव काढलं की ती बोलायची नाही. तो तिचा पराभव आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

पुरुषभर खोल खड्डा मी सुट्टीत स्वतः खणला. विटांचं बांधकामही स्वतःच केलं, म्हणून तो गोल व्हायच्या ऐवजी अंड्यासारखा झाला. टाकीसाठी डांबराचं रिकामं पिंप मिळवलं आणि वेल्डिंगच्या दुकानात नेलं. दुकानाचे मिस्त्री मुसलमान, वयानं माझ्याहून मोठे. त्यांच्या वाडवडिलांपासून लोखंडाचंच काम. त्यांनी मासिकातली आकृती दूर धरून पाहिली.

"मास्तर, मधी एक पाइप उभा करा. त्याच्यावर टाकी सरळ वरखाली होईल. न्हाईतर एका अंगाला झोपंल."

"आकृतीत पाइप नाही, मिस्त्री."

"आकृती काढणाऱ्यानं टाकी केलती व्हय?"

मी त्यांना गुरुत्वमध्य समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाइप न घालता टाकी करून दिली.

खड्डा भरायला एका म्हशीचं शेण पुरेना. मग मी सायकलीला बुट्टी बांधून गल्लीत शेण मागत फिरायला लागलो. शेजारच्या एका म्हातारीनं विचारलं, "मास्तर, घर सारवायला घेतलाय व्हय?" मी तिला मिथेन वायू सांगितला. तिनं बुट्टी भरून दिली आणि माझ्या बायकोकडं जाऊन, "मास्तरांस्नी बरं हाय न्हवं?" अशी चौकशी करून आली.

महिनाभर टाकी ढिम्म हलली नाही. घरात शेणी नाहीत, रॉकेल नाही. बायको उसाचं पाचट जाळून भाकरी करत होती आणि मी धुरात बसून भाकरी खात धूरमुक्त स्वयंपाकाविषयी बोलत होतो. मग एका सकाळी टाकी वर आलेली दिसली. काडी लावली तर पेटेना. पहिला गॅस सोडून द्यायचा असतो, हे मासिकाच्या पुढच्या पानावर होतं. पुढचं पान मी वाचलं नव्हतं.

टाकी दुसऱ्यांदा वर आली तेव्हा निळी ज्योत पेटली. पुढच्याच रविवारी मी हेडमास्तर आणि चार सहकाऱ्यांना चहाला बोलावलं. आत बायकोनं आधण ठेवलं आणि मी पाहुण्यांना घेऊन परड्यात व्याख्यान सुरू केलं. टाकी थोडी कललेली होती, कडेनं गॅसचे बुडबुडे सुटत होते. ते जिवंतपणाचं लक्षण आहे, असं मी सांगितलं. थोड्या वेळानं चहा आला. हेडमास्तर घोट घेऊन म्हणाले, "शेणाचा वास अजिबात न्हाय की."

या यशानंतर राधानगरीकडच्या एका गावच्या शाळेनं मला बोलावलं. तिथं मी तासभर बोललो. एका शेतकऱ्यानं उभं राहून विचारलं, "गुरुजी, किती माणसांचं जेवाण हुतंय?"

"पाच," मी म्हणालो. आकडा तोंडातनं कसा निसटला, कळलं नाही.

घरी येऊन हे कौतुकानं सांगितलं, तेव्हा बायकोनं निवडायचं सूप खाली ठेवलं.

"पाच माणसांचं? अहो, त्या दिवशी आधणाला बुडबुडा यायच्या आत जाळ विझला. च्या मी स्टोवर केला. सणासाठी ठेवलेलं रॉकेल हुतं, ते घातलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी बुडबुड्यांवर बोलत हुतासा."

मला रात्रीपर्यंत कुणाच्या तोंडाकडं बघवेना. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "मिस्त्री, पाइप घालायचा आहे." त्यांनी कोपऱ्यातला पाइप उचलला. तो मापानं कापून तयारच होता.

पंधरवड्यानं तो शेतकरी आमचा गॅस बघायला दारात उभा राहिला. मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात बायकोच त्याला परड्यात घेऊन गेली.

"बघा पावणं, एका म्हशीवर दोन टायमाचा च्या हुतोय. भात शिजत न्हाई. पण वापरलेला हा शेणकाला वांग्यांस्नी घातला, ती वांगी बघा. तुमची जनावरं किती?"

"सात."

"मग करा की. मधी पाइप घाला तेवढा."

त्यानं सरकारी माणसाकडनं मापं घेऊन व्यवस्थित गोबरगॅस केला आणि आम्हाला जेवायला बोलावलं. त्याच्या घरात भात, आमटी, भाकरी सगळं त्या निळ्या जाळावर झालं. माझी बायको त्या चुलीपुढं बराच वेळ बसून होती. डोळे न चोळता भाकरी करणारी बाई ती पहिल्यांदाच बघत होती.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "आपणही आणखी चार म्हशी घेऊया."

"धारा कोण काढणार?"