काकूंची विहीर आणि माझा पाईप

मालवणात ज्या घरी उतरलो होतो, त्या घरची विहीर मी खारी केली. मुद्दाम नाही, पण केली मीच.

मी लातूरचा. पंप बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. तिथल्या एका बर्फाच्या कारखान्याचे पंप बसवायला गेलो होतो. जुन्या किल्ल्यासमोरच्या गल्लीत शैलाकाकू आणि त्यांचे यजमान घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. मागे माडांत जांभ्या दगडाची विहीर. सगळं घर तिच्यावर.

काकू सहज बोलून गेल्या की मोटर मध्येच हवा ओढते, टाकी भरत नाही. शनिवारी मोठा ग्रुप यायचा होता. पाईपच्या खालच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी उतरून तो उघडा पडला की मोटर हवा ओढते. आमच्याकडे त्यावर एकच इलाज. पाणी खाली गेलं, पाईप खाली सोडा. देवणीपासून उमरीपर्यंत मी जन्मभर हेच केलं. काकू बाजारात गेलेल्या असताना पाईपला आणखी एक तुकडा जोडला आणि फूटव्हॉल्व्ह तळाशी नेला. टाकी भरून वाहिली. कौतुक झालं. काय केलं विचारल्यावर मी म्हणालो, "काही नाही, जरा साफ केली."

दुसऱ्या दिवशी काकांनी कप खाली ठेवला. "च्याय खारट लागता."

समुद्रालगतच्या विहिरीत गोडं पाणी वर असतं, खारं त्याच्या खाली. तळातून ओढलं की खारं वर चढतं. हे मी कोर्समध्ये शिकलो होतो. पण दुष्काळी भागात राबलेल्या हातांना खोल जाण्याखेरीज दुसरं सुचलं नाही.

लातूरला साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "तू बर्फाच्या कामाला गेलास, अन् विहिरीत काय करायलास? पाईप वर घे अन् गप निघून ये. सांगून काय इनाम मिळणार हाय का?"

मी तसंच केलं. मोटर तपासायचं निमित्त काढून पाईप वर घेतला, टाकी रिकामी केली आणि विहिरीला हात लावू नका म्हणालो. खारं पाणी पुन्हा खाली बसू द्यायचं, एवढंच हातात होतं. काकू दुखऱ्या गुडघ्यांनी गल्लीच्या टोकावरून पाणी आणू लागल्या. दोन कळश्या मी आणून दिल्या, तर मला आशीर्वाद देत बसल्या. काका शनिवारच्या ग्रुपला नाही कळवायच्या विचारात होते.

त्यात काकूंनी गुन्हेगारही शोधला. शेजारच्या मारियाबायने नवीन बोअर मारली होती. तिच्यामुळेच पाणी नासलं, असं काकूंनी ठरवून टाकलं. दोन घरांमधल्या बुटक्या दगडी गडग्यावरून रोज इकडची भाजी तिकडे, तिकडची आमटी इकडे जायची. त्या दिवशी मारियाबायने दिलेली आमटी काकूंनी झाकणसुद्धा न काढता परत केली. मारियाबाय वाडगा हातात धरून तशीच उभी राहिली. मी ओसरीवरून पाहिलं आणि आत गेलो.

शुक्रवारी काकांनी बादली ओढली. मी ओंजळीने प्यायलो. पुन्हा प्यायलो. गोडं. तिथेच दगडावर बसलो. काका हसत होते. ग्रुप येणार होता. माझी बॅग भरलेली होती, लातूरची गाडी संध्याकाळची. साहेबांचा सल्ला पाळून झाल्यात जमा होता.

तेवढ्यात काकू गडग्याकडे बघून म्हणाल्या, "बोअर बंद केल्यान असतला. म्हणान गोडा पाणी इला."

मग मात्र राहवलं नाही. पाईप, तुकडा, खोटं, सगळं सांगितलं. काकूंनी पदराने हात पुसले, बराच वेळ पुसत राहिल्या.

"माका कित्याक सांगतस?" त्या म्हणाल्या. "तिका सांग."

तेव्हापासून दुसऱ्याच्या विहिरीला मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. त्या दिवशी मात्र आधी गडग्यापाशी गेलो. मारियाबाय कपडे वाळत घालत होती. काकू माझ्या मागे, आमटी मागायला आपला रिकामा वाडगा घेऊन.

"बाई," मी म्हणालो, "तुमच्या बोअरचा काही दोष नाही. विहीर मी खारी केली, आणि बोल तुम्हाला लागत असताना गप्प बसलो. मला माफ करा."